विमा-अटीचा भंग (बांधकाम कंत्राट)

कंत्राटात ठरलेला विमा न उतरवणे, कमी रकमेचा उतरवणे किंवा काम चालू असताना त्याची मुदत संपू देणे, याला विमा-अटीचा भंग म्हणतात. भाडेकरार, कर्जकरार, यंत्रसामग्रीचे भाडे अशा अनेक व्यवहारांत ही अट असते. पण तिचे परिणाम सर्वांत ठळक दिसतात ते बांधकामात. तिथे काम उघड्यावर चालते, माणसे उंचीवर असतात आणि कंत्राटाची मुदत हमखास वाढते.

कंत्राटदाराकडून साधारणपणे तीन प्रकारचे संरक्षण मागितले जाते : कामाचा व साहित्याचा सर्वजोखीम विमा (इंग्रजी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’च्या आद्याक्षरांवरून बोलीभाषेत ‘कार पॉलिसी’; मोटारीशी संबंध नाही), मजुरांच्या नुकसानभरपाईचा विमा आणि त्रयस्थांच्या हानीचा विमा. महाराष्ट्र शासनाच्या निविदांत आणखी एक अट असते. हा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडेच, म्हणजे शासकीय विमा निधीकडे उतरवावा लागतो. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणली तर ती ग्राह्य धरली जात नाही; निधीने ठरवलेली हप्त्याची रक्कम कंत्राटदाराच्या देयकातून कापून निधीकडे भरली जाते. बाहेरच्या कंपनीला हप्ता देऊन बसलेला नवखा कंत्राटदार इथे दोनदा पैसे मोजतो.

या कपातीमुळे एक घातक गैरसमज पसरला आहे. ‘विम्याचे पैसे बिलातून कापले, म्हणजे विमा झाला’ असे अनेक जण धरून चालतात. शेवटच्या देयकातून कापलेली रक्कम आधी घडून गेलेल्या अपघाताला संरक्षण देत नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय किंवा त्याची हमी मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम पत्करू शकत नाही. हप्त्याचा धनादेश वटला नाही तर विमा कंपनीवर दायित्व येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले आहे. देयकातून १ टक्का कामगार कल्याण उपकर कापला जातो, तोही विमा नव्हे. तो बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जातो.

भंग बहुतेक वेळा मुदतवाढीत होतो. समजा, तालुक्यातल्या एका ओढ्यावरचा २ कोटींचा पूल, मुदत नऊ महिने. जागेचा ताबा उशिरा मिळाला म्हणून कार्यकारी अभियंत्यांनी चार महिन्यांची मुदतवाढ दिली. पत्र आले, पण पॉलिसी वाढवायची कुणालाच आठवण राहिली नाही. जूनच्या पहिल्या पुरात सेंटरिंगच्या प्लेटा आणि अर्धवट खांब वाहून गेले. नुकसान १८ लाखांचे. फायलीत पॉलिसीची प्रत आहे, तारीख मात्र मार्चअखेरची. हे १८ लाख कुणाचे?

विमा चालू ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असेल, तर उत्तर ‘कंत्राटदाराचे’ असे आहे. या विषयाचा गाभा इथेच आहे : भंग करणारा वाचवलेल्या हप्त्यापुरताच जबाबदार राहत नाही, तो स्वतःच विमाकर्त्याच्या जागी जाऊन बसतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार भंगामुळे स्वाभाविकपणे होणारी हानी भरून द्यावी लागते, आणि विमा नसल्याची स्वाभाविक हानी म्हणजे न मिळालेला दावा. फिडिक या अभियंता महासंघाच्या १९९९ च्या नमुना कंत्राटात, ज्याला ‘लाल पुस्तक’ म्हणतात, कलम १८.१ मध्ये हे स्पष्टच लिहिले आहे. एका पक्षाने विमा चालू ठेवला नाही तर दुसरा तो उतरवून हप्ता वसूल करू शकतो. त्यानेही उतरवला नाही, तर विम्यातून जी रक्कम मिळाली असती ती चुकणाऱ्या पक्षाने द्यावी.

मात्र मोजमाप पॉलिसीच्याच शब्दांनी होते. पॉलिसीतला स्वतः सोसायचा प्रारंभीचा भाग वजा होतो. सदोष आराखड्यामुळे खांब पडला आणि तो दोष पॉलिसीने वगळलेला असेल, तर ‘विमा असता तरी पैसे मिळाले नसते’ हा बचाव टिकू शकतो. विमा संपल्याचे माहीत असूनही मालक, म्हणजे काम देणारा पक्ष, गप्प बसला, तर हानी टाळण्याचे कोणते उपाय त्याच्या हाती होते हेही कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार पाहिले जाते. म्हणून पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय रनिंग बिल (चालू कामाचे देयक) न सोडणारा उपअभियंता खडूस वाटला तरी सर्वांचेच हित जपत असतो, असे माझे ठाम मत आहे.

मजुराचा अपघात झाला तर परिणाम अधिक गंभीर. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १२ ने ठरवलेले आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ठेवलेले तत्त्व असे : मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचे काम ठेकेदाराच्या मजुराने केले असेल, तर तो मजूर किंवा त्याचे वारस भरपाई थेट मूळ मालकाकडे मागू शकतात. मालकाने ती देऊन ठेकेदाराकडून वसूल करायची. विमा नसेल आणि ठेकेदाराच्या खिशात काही नसेल, तर वसुलीचा हक्क कागदावरच राहतो. उपठेकेदाराने परगावाहून आणलेली टोळी पॉलिसीत धरलेलीच नसते, हे तर नित्याचे. कंत्राटातल्या या रुक्ष कलमावर स्लॅबवरून पडलेल्या माणसाच्या घरी पैसे वेळेवर पोचणार की नाही हे अवलंबून असते. एरवी त्याच्या बायकोला वर्षानुवर्षे तारखांना फेऱ्या माराव्या लागतात.

भंग झाला म्हणून कंत्राट आपोआप संपत नाही. तसा अधिकार कलमात लिहिलेला असावा लागतो आणि बहुधा आधी नोटीस देऊन दुरुस्तीची संधी द्यावी लागते. देयक रोखणे, सुरक्षा अनामतीतून वसुली हे सौम्य उपाय आधी वापरले जातात. कंत्राटात दंडाची रक्कम ठरलेली असली, तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा ठरते. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. दाव्याची मुदत, मुदत कायदा, १९६३ नुसार, भंगापासून तीन वर्षे. भंग सतत चालू असेल तर तो थांबल्यापासून ती मोजतात.