ऑनर्स पदवीचा संशोधन-प्रबंध

पदवी अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात विद्यार्थ्याने मार्गदर्शक अध्यापकाच्या देखरेखीखाली एखाद्या मर्यादित प्रश्नावर स्वतः केलेले, लेखी सादर केलेले आणि मौखिक परीक्षेने तपासले जाणारे संशोधन. पीएच.डी.च्या प्रबंधाकडून असते तशी ज्ञानात मोलाची नवी भर घालण्याची अपेक्षा या प्रबंधाकडून नसते. मात्र पुरावा विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेला वा स्वतः तपासलेला असावा लागतो.

या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तिचे मूळ इंग्लंडमधील ऑनर्स परीक्षांत शोधते. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा अठराव्या शतकात आकाराला आली आणि ऑक्सफर्डने १८०० च्या परीक्षा-नियमांनी गुणवंतांना वेगळा सन्मान देण्याची पद्धत घालून दिली. परंतु या दोन्ही ठिकाणी सन्मान उत्तरपत्रिकांवर मिळत असे, प्रबंधावर नव्हे. दुसरे मत १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाकडे आणि तेथील सेमिनार पद्धतीकडे (अध्यापकासह लहान गटात मूळ साधनांचा अभ्यास) बोट दाखवते. जर्मनीत शिकून परतलेल्या अमेरिकी अध्यापकांनी मूळ साधनांवर काम करण्याची शिस्त आपल्या पदवीवर्गांत नेली, असे हे मत मानणारे सांगतात. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात त्याचे अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ऑनर्स योजनेवर त्यांच्या ऑक्सफर्डमधील शिक्षणाची छाप होती, तर तेथीलच रीड महाविद्यालयात प्रबंध केवळ गुणवंतांनाच नव्हे, सर्वच विद्यार्थ्यांना बंधनकारक राहिला आहे. यावरून सन्मान आणि प्रबंध हे मुळात दोन स्वतंत्र प्रवाह असून ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एकत्र आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात १८५७ ची विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून स्थापन झाल्याने ऑनर्सचा अर्थ दीर्घकाळ एका विषयाच्या जादा प्रश्नपत्रिका एवढाच राहिला. मराठवाड्यातील उच्च शिक्षण आरंभी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

सध्याची रचना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२ चा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा यांवर उभी आहे. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग निवडता येतो. त्यात १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे असतात. संशोधन न निवडणारा ऑनर्सचा विद्यार्थी त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे विषय घेतो. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण होणारा विद्यार्थी पदव्युत्तर पदवीविना पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. त्यामुळे या प्रबंधाचे वजन पूर्वीच्या प्रोजेक्टपेक्षा बरेच वाढले आहे.

विद्याशाखेनुसार कामाचे स्वरूप बदलते. अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुधा गटाने होतो, म्हणून तो काटेकोर अर्थाने या प्रकारात बसत नाही. बी.एस्सी. कृषीच्या विद्यार्थ्यांचा गावात राहून करायचा ग्रामीण कृषी कार्यानुभव (परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही तो अभ्यासक्रमाचा भाग आहे) हादेखील प्रबंध नव्हे, पण निरीक्षणे रोजच्या रोज नोंदवण्याची सवय तो लावतो. वैद्यकशाखेत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासूनची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधनवृत्ती हे त्याचे जवळचे रूप आहे. वाणिज्य शाखेत सर्वेक्षणाधारित कामाचा भर दिसतो.

मानव्यविद्यांत मराठवाड्याचा विद्यार्थी विशेष अनुकूल जागी आहे, आणि ही अनुकूलता पुरेशी वापरली जायला हवी. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातील तगर, आणि पैठण ही सातवाहनकालीन स्थळे एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. तेर येथील शासकीय संग्रहालयातील मृण्मूर्ती व मणी यांपैकी एकाच प्रकाराच्या वस्तूंचे वर्णन हा पदवीस्तराला साजेसा विषय होतो. महानुभाव वाङ्मय, एकनाथांची भारुडे, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसवलेली गावे, बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर, बेसाल्ट खडकातील भूजल व विहिरींची पातळी हे विषयही जवळ आहेत. अडचण साधनांच्या भाषेची आहे. निजामी राजवटीच्या उत्तरकाळातील बरेच दप्तर उर्दूत आणि त्याआधीचे फार्सी व मोडीत असल्याने इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या-दुसऱ्या वर्षातच यांपैकी एक भाषा वा लिपी शिकून घेतली नाही, तर चौथ्या वर्षी त्याला दुय्यम ग्रंथांवरच विसंबावे लागते.

मूल्यमापनात मजकुराचे साम्य तपासले जाते; आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. संगणकीय तपासणी मात्र डिजिटल स्वरूपात उपलब्ध असलेल्या मजकुराशीच तुलना करू शकते आणि जुने मराठी ग्रंथ व नियतकालिके यांचा मोठा भाग त्या स्वरूपात नाही. म्हणून मराठीतील प्रबंधाच्या बाबतीत मार्गदर्शकाचे स्वतःचे वाचन आणि मौखिकीत क्षेत्रनोंदींची मूळ वही पाहणे, हीच अधिक भरवशाची कसोटी ठरते.