थेंब थेंब लघवी: मूत्राशय सोलवटलंय की तुंबलंय?

केमो (कर्करोगावरची औषधं) चालू असलेलं मूल सारखं ‘शू आली’ म्हणतं, बसतं आणि चार थेंब होतात. उन्हाळी लागली असेल, भरपूर पाणी पाजू, असं घरच्यांना वाटतं. पण या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात, आणि त्यातल्या एकात हेच पाणी त्रास वाढवतं. रॅब्डोमायोसार्कोमा किंवा युइंग सार्कोमा या मुलांच्या कर्करोगांत सायक्लोफॉस्फमाइड आणि व्हिनक्रिस्टिन ही केमोची दोन्ही औषधं एकाच मुलाला मिळतात, त्यामुळे केमोचा कागद बघूनही उलगडा होत नाही.

पहिला बिघाड मूत्राशयाच्या अस्तराचा. सायक्लोफॉस्फमाइड आणि त्याच्याच जातीचं आयफॉस्फमाइड शरीरात मोडलं की ॲक्रोलिन नावाचा जळजळीत पदार्थ तयार होतो आणि लघवीतून मूत्राशयात उतरतो. तिथे ते जितका वेळ साचून राहील तितकं अस्तर सोलवटतं. म्हणून त्या दिवशी सलाईन जोरात चालवतात आणि मुलाला दर दोन तासांनी लघवीला नेतात, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. मेस्ना हे बचावाचं औषध लघवीत पोचून ॲक्रोलिनला बांधून निकामी करतं. आयफॉस्फमाइडबरोबर ते हवंच. तोंडाने दिलेला मेस्नाचा डोस उलटून पडला तर लगेच नर्सला सांगा. जळजळ, ओटीपोटात कळा, गुलाबी ते लाल लघवी, क्वचित रक्ताच्या गाठी ही याची लक्षणं. बहुधा ती एक-दोन दिवसांत दिसतात, कधी काही आठवड्यांनीही. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या लाल औषधानेही लघवी एक-दोन दिवस लालसर होते. पण तो औषधाचा रंग, त्यात दुखत नाही आणि गाठी पडत नाहीत.

दुसरा बिघाड नसांचा. व्हिनक्रिस्टिन नसांच्या आतली वाहतूक अडवतं. आतडी आणि मूत्राशय चालवणाऱ्या नसा मंदावल्या की मूत्राशय भरत जातं, पण आवळून रिकामं होत नाही. गच्च भरल्यावर वरचं थेंब थेंब ओसंडतं, चड्डी सतत ओली राहते आणि ‘लघवी तर होतेय’ असा समज होतो. हे तसं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा सोबतीला बाकीच्या खुणा असतात: कित्येक दिवस शौचाला न होणं, जबडा दुखणं, पाऊल घासत चालणं, जिन्यात अडखळणं. बुरशीवरचं इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल चालू असेल तर व्हिनक्रिस्टिनचा हा त्रास जास्त होतो, म्हणून ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

घरी पाहायचं ते पोटावर. मुलाला उताणं झोपवून बेंबीखाली हलक्या हाताने चाचपा. गोल, ताणलेला फुगवटा लागला आणि तिथे हात ठेवताच शू आली म्हणालं, तर लघवी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. पोट मऊ आणि लघवी लाल असेल तर संशय अस्तराचा. ओटीपोटातच कर्करोगाची गाठ असलेल्या मुलात मात्र हाताचा भरवसा नाही. तिथे लघवीनंतरची सोनोग्राफीच खरी.

खुणा असलेल्या भांड्यात दरवेळची लघवी मोजून वेळ, मिली आणि रंग लिहा. वयात एक मिळवून 30 ने गुणलं की मुलाच्या मूत्राशयाची साधारण क्षमता मिलीत मिळते: 5 वर्षांच्या मुलाची सुमारे 180. डायपर असेल तर ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली.

दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून ही ओळख महत्त्वाची. सोलवटलेल्या मूत्राशयाला भरपूर द्रव हवा, कळांसाठी कधी ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशय सैल करणारं औषध देतात. तुंबलेल्याला तेच ऑक्सिब्युटिनिन आणखी ढिलं पाडतं. क्लोरफेनिरामिन असलेलं सर्दीचं औषधही तेच करतं. तुंबलेल्या मूत्राशयाला कॅथेटर (लघवी काढायची नळी) लागतो, बद्धकोष्ठतेवर उपचार होतो आणि व्हिनक्रिस्टिनचा पुढचा डोस कमी करायचा की थांबवायचा ते डॉक्टर ठरवतात. घरी एनिमा किंवा गुदद्वारातून औषध देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथून जंतू रक्तात शिरतात.

दोन्ही बिघाड एकत्र भेटतात ते रक्ताच्या गाठींमुळे. लाल लघवी होत असताना ती अचानक थांबली आणि पोट फुगून दुखू लागलं, तर गाठीने वाट अडवली असं धरा आणि पाणी पाजत न बसता थेट रुग्णालय गाठा.