अतिरिक्त कार्यभार सांभाळला, मग जादा वेतन का नाकारले? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एफआर 49

संघटनेच्या कामामुळे माझ्याकडे नाकारलेले अर्ज येतात. त्यातले निम्मे तरी एकाच प्रकारचे असतात. कुणीतरी दीर्घ रजेवर गेले, निवृत्त झाले किंवा बदलून गेले. साहेबांनी बोलावून सांगितले, "तात्पुरते तुम्ही बघा." ते 'तात्पुरते' आठ महिने चालले. मग कुणीतरी सांगितले की याचे जादा वेतन मिळते, म्हणून अर्ज केला आणि तो एका ओळीत परत आला: 'नियमानुसार देय नाही.' कोणत्या नियमानुसार, ते लिहिण्याची तसदी कुणी घेत नाही.

तो नियम म्हणजे मूलभूत नियम 49, बोलीभाषेत एफआर 49. मूलभूत नियम 1 जानेवारी 1922 पासून लागू आहेत आणि त्यांची भाषाही त्याच काळातली आहे. हे सारे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुरते आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 लागू होतात आणि बँकांमध्ये द्विपक्षीय करार. खाली दिलेले दिवस आणि टक्के त्यांनी स्वतःला लावून घेऊ नयेत.

आधी वाईट बातमी. तुमच्याच कार्यालयातल्या, तुमच्याच संवर्गातल्या, तुमच्याच वेतनश्रेणीच्या सहकाऱ्याचे टेबल तुम्ही सांभाळत असाल, तर जादा वेतन नाही. कालावधी कितीही असो. दोन माणसांचे काम एकाने वर्षभर केले तरी नाही. त्या दुसऱ्या पदाला विशेष वेतन जोडलेले असेल तर ते मिळू शकते, एवढाच अपवाद. मला हा नियम अन्यायाचा वाटतो आणि कर्मचारी सर्वात जास्त भरडले जातात ते याच प्रकारात. पण अर्ज करून तो बदलणार नाही. असे प्रकरण असेल तर कागद गोळा करण्यात महिने घालवू नका. संघटनेमार्फत मनुष्यबळाचा प्रश्न म्हणून मांडा, ती वाट वेगळी आहे.

उरतात दोन प्रकार. पहिला, त्याच कार्यालयातले, तुमच्याच बढतीच्या साखळीतले वरचे पद. त्याचा पूर्ण कार्यभार रीतसर आदेशाने दिला असेल, तर त्या वरच्या पदावर स्थानापन्न म्हणून नेमले असते तर जे वेतन मिळाले असते ते मिळते. एफआर 35 खाली ते कमी करण्याचा अधिकार सरकारला आहे. खालच्या पदाचे कामही सोबत करत होतो म्हणून त्याचे वेगळे काही मिळत नाही. दुसरा प्रकार, दुसऱ्या कार्यालयातले पद, किंवा त्याच कार्यालयातले पण वेगळ्या संवर्गातले, म्हणजे तुमच्या बढतीच्या साखळीबाहेरचे पद. इथे दोन पदांपैकी वरच्या पदाचे वेतन आणि शिवाय अतिरिक्त पदाच्या अनुमानित वेतनाच्या 10 टक्के. अनुमानित वेतन म्हणजे ते पद तुम्ही कायमपणे धारण केले असते तर तिथे तुम्हाला मिळाले असते ते वेतन. समजा ते 44,900 रुपये ठरले, तर महिन्याला 4,490 रुपये. अनेक अर्जांत लोक रजेवर गेलेल्या माणसाच्या पगाराचे 10 टक्के मागतात. तो वीस वर्षांचा जुना असेल तर त्याचा पगार मोठा असणारच, त्याचा तुमच्या हिशेबाशी संबंध नाही.

आता 45 दिवस. या दुसऱ्या प्रकारात कार्यभार 45 दिवसांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपर्यंत असावा लागतो. 'पेक्षा जास्त' हे शब्द नीट वाचा. 1 जूनला सकाळी कार्यभार घेतला आणि 15 जुलैला संध्याकाळी सोडला, तर मोजून 45 दिवस होतात आणि हातात काहीच पडत नाही. 16 जुलैलाही कार्यभार तुमच्याकडे असेल, तर तुम्ही पात्र. कार्यालयांनाही हे गणित पाठ असते. 40 दिवसांचा आदेश, मग दोन दिवस कार्यभार तिसऱ्याकडे, मग पुन्हा 40 दिवस, असे आदेश मी पाहिले आहेत. ते योगायोगाने निघतात यावर माझा विश्वास नाही. मध्ये तुम्ही रजा घेतली आणि त्या दिवसांत कार्यभार लेखी दुसऱ्याकडे गेला, तर लेखा शाखा सलगता तुटली असे म्हणायला मोकळी होते. त्यामुळे पस्तिसाव्या दिवशी चार दिवस गावाला जाण्याआधी जरा विचार करा.

तीन महिन्यांचेही असेच गैरसमज. त्यानंतर कार्यभार बेकायदा ठरत नाही, काम चालूच राहते. फक्त पुढच्या काळाचे जादा वेतन द्यायला वेगळी वरिष्ठ संमती लागते आणि तो प्रस्ताव तुमच्या कार्यालयाने पाठवायचा असतो. तो आपोआप जात नाही. अडीच महिने झाले की आस्थापना शाखेला लेखी आठवण द्या. काम संपल्यावर मागच्या तारखेची संमती मागत बसलेल्या फाइली मी वर्षानुवर्षे फिरताना पाहतो.

पण अर्ज सर्वात जास्त बुडतात ते दिवसांवर नाही, आदेशाच्या शब्दांवर. कार्मिक आणि प्रशिक्षण विभागाच्या 11 ऑगस्ट 1989 च्या सूचना याबाबत स्वच्छ आहेत. वैधानिक कामांसह त्या पदाची सगळी कर्तव्ये तुमच्याकडून करून घ्यायची असतील, तर सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन त्या पदावर अतिरिक्त नेमणुकीचा रीतसर आदेश काढायचा आणि एफआर 49 प्रमाणे वेतन द्यायचे. फक्त रोजचे किरकोळ कामकाज बघायचे असेल, तर तसा कार्यालयीन आदेश काढायचा. त्यात हे केवळ दैनंदिन, बिगरवैधानिक काम आहे आणि त्याबद्दल जादा वेतन मिळणार नाही, हे स्पष्ट लिहायचे. कोणती कामे करायची आणि कोणती नाहीत, तेही नोंदवायचे.

प्रत्यक्षात काय होते? आदेश दुसऱ्या साच्याचा निघतो आणि काम पहिल्या साच्याचे करून घेतले जाते. 'चालू कामकाज पाहतील' हे तीन शब्द दिसले की समजा पैशाचा प्रश्न तिथेच मिटवला आहे. आणि तोंडी आदेश तर आदेशच नाही. साहेब कितीही भले असोत, लेखा शाखेला त्यांचे बोलणे ऐकू जात नाही. सक्षम प्राधिकारी म्हणजे सहसा त्या अतिरिक्त पदावर नेमणूक करण्याचा अधिकार ज्याला आहे तो. शाखाप्रमुखाने सही केलेला आदेश पुष्कळदा याच कारणाने बाद होतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच दोन ओळींचे पत्र द्या: 'अमुक पदाचा पूर्ण अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे सोपवला आहे की केवळ दैनंदिन कामकाज, हे कृपया आदेशात स्पष्ट करावे. पूर्ण कार्यभार असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने एफआर 49 खालील आदेश निर्गमित व्हावेत.' पोचपावती घ्या. लोक बिचकतात, साहेब रागावतील म्हणतात. रागावतीलही कदाचित. पण हे पत्र आठव्या महिन्यात दिले तर त्याला किंमत उरत नाही.

या पत्राचा आणखी एक उपयोग आहे आणि तो पैशापेक्षा मोठा ठरू शकतो. 24 जानेवारी 1963 च्या गृह मंत्रालयाच्या सूचनेनुसार, केवळ चालू कामकाज सांभाळणारा अधिकारी त्या पदाचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार वापरू शकतो, पण कायद्याने किंवा वैधानिक नियमांनी दिलेले अधिकार वापरू शकत नाही. शिस्तभंगाच्या प्रकरणात शिक्षेच्या आदेशावर सही करणे, हे त्यातले नेहमीचे उदाहरण. असे कागद समोर आले तर आदेश तपासल्याशिवाय पेन उचलू नका. सही चुकीची ठरली की निस्तरायला कुणी सोबत येत नाही.

कागदपत्रांपैकी नेमणुकीचा आदेश, वेतनपट, मूळ अधिकाऱ्याच्या रजेचा, बदलीचा किंवा निवृत्तीचा आदेश, हे कार्यालयातच असतात. मिळत नाही ते कार्यभार हस्तांतरणाचे प्रमाणपत्र. केंद्र सरकारी कर्मचारी महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्या दुपारी हार, भाषणे, चहा होतो, आणि कार्यभार दिला-घेतला याच्या कागदावर सही करायची राहून जाते. सहा महिन्यांनी तो माणूस शोधून मागच्या तारखेची सही घेणे ही कल्पना मनातून काढून टाका, तो खोटा कागद ठरतो. आधीचा माणूस हजर नसेल तर त्याच दिवशी तुम्ही एकट्याने कार्यभार घेतल्याचा अहवाल द्या. त्यात तारीख आणि पूर्वाह्न की अपराह्न हे लिहा, आवक क्रमांक टाकून घ्या. कार्यभार सोडतानाही तसाच अहवाल. हा दुसरा कागद तर जवळजवळ कुणाकडेच नसतो आणि मग 45 दिवस झाले की नाही हे सिद्ध करता येत नाही. सेवापुस्तकात नोंद झाली का, तेही बघून घ्या.

अर्ज साधा असतो: कालावधी, आदेश क्रमांक, एफआर 49 चे कोणते पोटकलम, हिशेब. तो योग्य मार्गाने द्यायचा. मागणीत 'पदोन्नती' हा शब्द आणू नका. वरच्या पदाचे काम सोपवणे म्हणजे बढती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. वेतन मागताना ज्येष्ठताही मागणारे अर्ज दोन्ही गमावतात.

उलट 1998 साली अंदमानच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने शिक्षकाला वरच्या पदाच्या वेतनाचा फरक दिला. पदोन्नती झाली नव्हती हे मान्य करून, प्रत्यक्ष केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दिला. हा निकाल सगळे दाखवतात, पण एक गोष्ट सांगत नाहीत. त्याचे वेतन त्या वरच्या पदावर काढले जाईल, असे त्याच्या आदेशातच लिहिलेले होते.

"संघटना बघून घेईल" असे म्हणून थांबणाऱ्यांसाठी एक गोष्ट, संघटनेतला माणूस म्हणूनच सांगतो. केंद्रीय नागरी सेवा (सेवा संघटना मान्यता) नियम, 1993 नुसार मान्यताप्राप्त संघटनेला एकट्या कर्मचाऱ्याचे सेवाविषयक प्रकरण हाती घेता येत नाही, सभासदांच्या सामाईक हिताचाच प्रश्न मांडता येतो. आम्ही अर्ज वाचून देऊ, चुका दाखवू. सही आणि मागणी तुमचीच हवी.

नकार आला तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, अर्जाचे शुल्क 50 रुपये. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला उत्तरच आले नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि त्यानंतर एक वर्षाच्या आत जायचे. इथे लोक हमखास फसतात: दर तीन महिन्यांनी नवे स्मरणपत्र देत राहतात आणि समजतात की मुदत पुढे सरकते आहे. ती सरकत नाही. वारंवार निवेदने देऊन मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच ठरवले आहे. पहिल्या निवेदनाची पोचपावती काढा आणि त्या तारखेपासून मोजा.