व्यावसायिक हॅमंड आणि अमॅच्युअर हॅमंड

दोन महायुद्धांच्या मधल्या कौंटी क्रिकेटवर, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांच्या क्रिकेटवर, कोणी लिहायला बसलं की हमखास वाचायला मिळतं: संघात पाच-सात पट्टीचे व्यावसायिक आणि उरलेले हौसेखातर आलेले अमॅच्युअर. अमॅच्युअर म्हणजे जणू लिंबूटिंबू! अहो, इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन अमॅच्युअर होता. ससेक्सचे दुलीपसिंहजीही.

व्यावसायिक कोण हे सांगायला नको. कौंटीचा पगार, आणि वर्षानुवर्षं इमानेइतबारे खेळल्यावर नशिबात असला तर एक बेनिफिट सामना, म्हणजे ज्याचं उत्पन्न त्याच्या पदरात पडे असा. अमॅच्युअरला फक्त खर्च मिळे. पण तो खर्च फुगवता येई, शिवाय कौंटीचं सचिवपद देऊन सोय लावता येई. तेव्हा पैशाच्या निकषावर फार विसंबू नका. वेगळी ड्रेसिंग रूम, वेगळं फाटक, स्कोअरकार्डावर आद्याक्षरं आडनावाच्या आधी की नंतर, हे लोक फार चवीने सांगतात. त्या नुसत्या खुणा.

अडतं ते इथे: हुकूम कोणी सोडायचा आणि कोणी पाळायचा. इंग्लंडची कप्तानी अमॅच्युअरकडेच राहायची. व्यावसायिकाच्या हाती ती कधी न जावो, अशी देवाची करुणा यॉर्कशायरचे जुने अमॅच्युअर कप्तान लॉर्ड हॉक यांनी १९२५ मध्ये जाहीरपणे भाकली होती. पुढच्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंडचा कप्तान आर्थर कार आजारी पडला, तेव्हा मैदानावर व्यावसायिक जॅक हॉब्जने संघ सांभाळला. पण तो बदली म्हणून.

आता ग्लॉस्टरशायरचा वॉली हॅमंड बघा. १९३७ मध्ये तो व्यावसायिक होता. मोसमात तीन हजारांवर धावा केल्या आणि न्यूझीलंडविरुद्ध अमॅच्युअर कप्तान वॉल्टर रॉबिन्सच्या हाताखाली खेळला. त्या हिवाळ्यात त्याने एका टायर कंपनीचं संचालकपद घेतलं आणि आपण यापुढे अमॅच्युअर असल्याचं जाहीर केलं. १९३८ मध्ये पुन्हा तीन हजारांवर धावा, लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २४०, आणि या वेळी कप्तान तोच! खेळात तसूभर फरक नाही. रॉबिन्सला तो क्रिकेट शिकवू शकला असता, हे माझं ठाम मत.

हुकमाची किंमत १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या बॉडीलाइनमध्ये, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर वेगवान आखूड मारा करायच्या डावपेचात, दिसते. जार्डिनने सांगितलं तसा मारा करायला गबी ॲलनने साफ नकार दिला आणि तरीही तो संघात राहिला, कारण तो अमॅच्युअर होता. कोळशाच्या खाणीतून आलेल्या, नॉटिंगहॅमशायरच्या हॅरल्ड लारवूडला तसं म्हणायची सोय नव्हती. त्याने कप्तानाचं ऐकलं, ३३ बळी घेतले. पुढे माफी मागायला सांगितलं तेही त्यालाच. त्याने मागितली नाही, आणि इंग्लंडकडून तो पुन्हा कधी खेळला नाही. जार्डिन मात्र डिसेंबर १९३३ मध्ये इंग्लंडचा कप्तान म्हणून मुंबईच्या जिमखान्यावर नाणेफेकीला उतरला.

लेन हटनला व्यावसायिक राहूनच कप्तानी मिळाली ती १९५२ मध्ये, लीड्सला, विजय हजारेंच्या संघाविरुद्ध. भारताचे शून्यावर चार गडी गेले, तीच कसोटी. आपल्याकडे ती फक्त इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमनसाठी आठवतात याचा मला राग आहे. भेद कागदोपत्री मिटायला १९६२ साल उजाडलं. तोवर हटन निवृत्त झाला होता. इंग्लंडचा कप्तान असतानाही यॉर्कशायरकडून तो खेळला नॉर्मन यार्डलीच्या हाताखाली. यार्डली अर्थातच अमॅच्युअर.