कॅनवेल, आल्बर्ट

(१९०७–२००२). अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील रिपब्लिकन आमदार. (हे राज्य पॅसिफिक किनाऱ्यावर आहे, वॉशिंग्टन डी. सी. ही राजधानी वेगळी.) स्पोकेनमधील शेरीफच्या कार्यालयात काम केल्यानंतर १९४६ मध्ये ते प्रथमच निवडून आले आणि १९४७ मध्ये कम्युनिस्ट कारवायांचा शोध घेण्यासाठी नव्याने नेमलेल्या विधिमंडळाच्या संयुक्त चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. पुढे ती ‘कॅनवेल समिती’ म्हणूनच ओळखली गेली.

समितीने १९४८ च्या आरंभी निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनेची, तर जुलैमध्ये सिॲटलच्या आर्मरीत (लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीत) वॉशिंग्टन विद्यापीठाची सुनावणी घेतली. साक्षीदाराला वकील आणता येई, पण वकिलाने फक्त अशिलाला सल्ला द्यायचा. उलटतपासणीची मुभा नव्हती. ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा होता का?’ याला उत्तर न देणाऱ्यांवर अवमानाचे खटले भरले गेले. आरोप करणाऱ्याला प्रश्नच विचारता येत नसल्यामुळे खोटी साक्षही बिनदिक्कत नोंदली जाई.

मेल्विन रेडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या बाबतीत नेमके तेच घडले. १९३८ च्या उन्हाळ्यात ते न्यू यॉर्क राज्यातील पक्षाच्या गुप्त प्रशिक्षणवर्गाला हजर होते, असे जॉर्ज ह्यूइट या माजी कम्युनिस्टाने सांगितले. रेडर यांच्या म्हणण्यानुसार ते त्या काळात कुटुंबासह वॉशिंग्टनमधल्याच कॅन्यन क्रीक लॉजवर होते. लॉजची पाहुण्यांची नोंदवही समितीच्या तपासनिसांनी आधीच नेली होती, त्यामुळे हे सिद्ध करणे अवघड झाले. ह्यूइटवर खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल झाला, पण तो न्यू यॉर्कला परतला होता आणि तिथल्या न्यायाधीशाने त्याला परत पाठवण्यास नकार दिला. अखेर ‘सिॲटल टाइम्स’चे बातमीदार एड गथमन यांनी त्या उन्हाळ्यातील कागदपत्रे आणि साक्षी एकेक करून जमवल्या. १९४९ मध्ये विद्यापीठाने रेडर यांना निर्दोष ठरवले. गथमन यांना १९५० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

बाकीच्यांना असा बातमीदार लाभला नाही. विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड ॲलन यांनी सहा प्राध्यापकांवर आरोप ठेवले. प्राध्यापकांच्या समितीचे बहुमत त्यांपैकी फक्त राल्फ गंडलाख यांना काढण्याच्या बाजूचे होते. तरीही जानेवारी १९४९ मध्ये विश्वस्तांनी जोसेफ बटरवर्थ, हर्बर्ट फिलिप्स आणि गंडलाख या तिघांना बडतर्फ केले, इतर तिघांना परिवीक्षेवर ठेवले. कायम नेमणूक असलेल्या प्राध्यापकालाही पक्षाच्या सभासदत्वावरून काढता येते, हा पायंडा इथून पडला. तो या समितीचा सर्वांत घातक परिणाम होय.

कॅनवेल यांची आमदारकी मात्र एकाच मुदतीची ठरली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ते राज्य सिनेटची निवडणूक हरले. नंतर केंद्रीय काँग्रेससाठी केलेले प्रयत्नही फसले. ते स्पोकेनमधून कम्युनिस्टविरोधी माहितीपत्र काढू लागले. डेमोक्रॅट आमदार जॉन गोल्डमार्क यांनी १९६२ मधील पराभवानंतर, आपल्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचे आरोप केल्याबद्दल, कॅनवेल आणि इतरांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. जानेवारी १९६४ मध्ये ज्यूरीने ४०,००० डॉलरची भरपाई दिली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ‘न्यू यॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ खटल्यात सार्वजनिक पदावरील व्यक्तींच्या बदनामीसाठी कडक निकष घालून दिल्यावर न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला.