सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प माळ्यावरून खाली येतात. राजारामपुरीतल्या माझ्या मित्राने त्याचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) असाच चालू केला, आणि गिटारची केबल जोडायच्या आधीच तो घुमायला लागला. "व्हॉल्व्ह गेला वाटतं," मित्र म्हणाला. मी म्हटलं, आधी सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाब आणि त्या आवाजाशी सूर जुळतो का बघ.

जवळजवळ जुळला. तो फ्रेट म्हणजे ९८ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो, म्हणून पुढे सेकंदाला १०० उसळ्या येतात. त्या सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचं. गच्चीवरची टाकीच ती: पाणी धक्क्याधक्क्याने चढलं तरी नळ एकसारखा वाहतो. टाकी आटली की उसळ्या थेट स्पीकरमध्ये. आवाज एक सप्तक खाली, ५० हर्ट्झचा असेल, तर बहुधा दोष अर्थिंगचा, केबलचा किंवा व्हॉल्व्हच्या हीटरचा. मित्राच्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज तसाच राहिला; म्हणजे बिघाड व्हॉल्यूमनंतरच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये.

दुसरी खूण फार सुंदर आहे. फिल्टर थकला की त्या उसळ्या वाजवलेल्या सुरातच मिसळतात. ४४० हर्ट्झचा सूर छेडला तर मागून ३४० आणि ५४० चे भुतासारखे सूर उमटतात. गिटारवाला बिचारा तारा पुन्हा पुन्हा जुळवत बसतो, आणि तारा तर सुरातच असतात!

हा कपॅसिटर थकतो कसा? आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रावणात भिजलेला कागद असतो. उष्णतेने ते द्रावण हळूहळू सुकतं; तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि शेजारी तर तापलेले व्हॉल्व्ह. डोकं फुगलं किंवा बुडाशी चिकट डाग दिसला तर निकाल लागला. पण बाहेरून धडधाकट दिसणाराही आतून गेलेला असू शकतो. साधं मीटर क्षमता बरोबर दाखवतं, आतला रोध मात्र वाढलेला असतो. त्यासाठी तो रोध मोजणारं ईएसआर मीटरच हवं.

अ‍ॅम्पच्या दोन टप्प्यांमधला, फक्त सूर पुढे सोडून डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळका झाला तर गोष्ट वेगळी: डीसी व्होल्टेज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीवर) जातं, आणि तो पॉवर व्हॉल्व्ह असेल तर त्याची प्लेट लाल व्हायला लागते.

उघडण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढला तरी ४५० व्होल्टवरच्या १०० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे १० जूल ऊर्जा शिल्लक असते, आणि ती जीव घेऊ शकते. ज्याला सवय आहे त्यानेच १० किलोओमच्या, ५ वॉटच्या रेझिस्टरने ती उतरवावी आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय आत बोट घालू नये. नवख्याने अ‍ॅम्प सरळ मिस्त्रीकडे न्यावा.

मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये पहिल्याच फिल्टरच्या बुडाशी डाग होता. नवा कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा घेतला आणि सोल्डर करण्याआधी वजा खुणेची पट्टी दोनदा तपासली. उलटा बसला तर तो फुटतो.