वाढते घर

वाढते घर : एकदम पूर्ण बांधून न देता कुटुंबाच्या गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढवता येईल असे आखलेले घर. सुरुवातीला जमिनीचा तुकडा, जोते, पाणी, मोरी-संडास, सांडपाण्याची सोय आणि फार तर एक खोली मिळते. पुढचे बांधकाम राहणारे कुटुंब गवंड्याला हाताशी धरून करते. समाज झपाट्याने शहरी होत असताना वास्तुरचनाकाराने नेमके काय करावे, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत व्यवहारी म्हणावे लागेल.

रीत जुनीच आहे. कोकणात घराला पडवी काढतात, मुंबईत पोटमाळा टाकतात, गॅलरी आत घेतात. गावोगावी स्लॅब पडल्यावरही कॉलमच्या सळया वर उघड्या दिसतात, त्या पुढच्या मजल्यासाठी राखलेल्या असतात. मात्र आधुनिक वास्तुकलेने या वाढीला बराच काळ अतिक्रमण मानले. इंग्रज वास्तुरचनाकार जॉन टर्नर यांनी १९५७ ते १९६५ या काळात पेरूमध्ये काम करताना लोकांनी स्वतः उभारलेल्या वस्त्या जवळून पाहिल्या आणि त्यांची बाजू जोरदारपणे मांडली. पेरूची राजधानी लिमा येथील ‘प्रेव्ही’ या प्रायोगिक वसाहतीसाठी जगभरातून वास्तुरचनाकार बोलावले गेले. त्यांत भारताचे चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) होते.

नवी मुंबईच्या कल्पनेमागील तिघांपैकी कोरिया एक. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे दुसरे दोघे. नवी मुंबई उभारणाऱ्या ‘सिडको’ या सरकारी महामंडळासाठी कोरियांनी १९८३ ते १९८६ दरम्यान बेलापूरला, पारसिकच्या डोंगराजवळ, सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. ती आज ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणून ओळखली जाते. सात घरे आणि मध्ये साधारण ८ × ८ मीटरचे अंगण, असा तिचा मूळ घटक. असे तीन गट मिळून आणखी मोठे अंगण होते, आणि हीच चढण वस्तीच्या मोकळ्या जागेपर्यंत जाते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. हा फरक मुद्दाम कमी ठेवलेला आहे, त्यामुळे कमी आणि बऱ्या मिळकतीची घरे शेजारी शेजारी येतात. दोन घरांत सामाईक भिंत नाही, ही यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. वर मजला चढवायचा तर शेजाऱ्याची भिंत मध्ये येत नाही, म्हणून त्याची मनधरणीही करावी लागत नाही. खर्च वाचावा म्हणून संडास मात्र जोडीजोडीने बांधले.

आज तिथे गेल्यास कोरियांची उतरती कौलारू घरे थोडीच दिसतात. अनेक मालकांनी ती पाडून काँक्रीटचे बंगले बांधले. छायाचित्रे पाहून आलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची यामुळे निराशा होते, पण घर बदलावे हीच तर योजना होती. भूखंडांची आखणी आणि अंगणे टिकून आहेत. आक्षेप घ्यायचा तर वेगळा घ्यावा : ज्या उत्पन्न गटांसाठी वसाहत आखली, त्यांतील नव्या कुटुंबाला आता येथील किंमत परवडत नाही.

इंदूरची ‘अरण्य’ ही अशीच वसाहत पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांची. तिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. मुंबईत चारकोप, गोराई येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने सोयींसह भूखंड देण्यात आले. चिलीतील इकिके येथे वास्तुरचनाकार आलेहान्द्रो अराव्हेना यांनी २००४ मध्ये ‘किंता मोनरॉय’ ही वसाहत पूर्ण केली. तुटपुंज्या अनुदानात छोटे घर पुरे करण्याऐवजी त्यांनी चांगल्या घराचा अर्धा भाग बांधला. जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मुख्य भिंती अशी कुटुंबाला एकट्याने न पेलणारी कामे त्या अर्ध्यात घेतली आणि बाकीची जागा रिकामी सोडली.

सरकार जबाबदारी झटकते, अशी टीका या पद्धतीवर होते आणि ती अगदीच पोकळ नाही. अभियंत्याच्या सल्ल्याविना चढवलेला मजला धोक्याचा ठरू शकतो. शेजारच्या घराचा उजेड-वारा अडतो तो वेगळाच. मुंबईने १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाचा दुसरा रस्ता धरला. त्यात बहुमजली इमारतीत सुरुवातीला २२५ चौरस फुटांची सदनिका फुकट मिळू लागली. मुलाचे लग्न झाले तरी तिला खोली जोडता येत नाही. भूखंडावरची बैठी घरे मुंबईतल्या जमिनीच्या भावात बसत नाहीत, हे हा रस्ता धरण्याचे उघड कारण.

पुण्यात येरवड्याच्या काही वस्त्यांत २००९ च्या सुमारास मधला मार्ग काढला गेला. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, ‘स्पार्क’ ही संस्था आणि ‘महिला मिलन’ या वस्त्यांतील बायकांच्या संघटनेच्या सभासद यांनी गल्ल्या जागच्या जागी ठेवून फक्त कच्ची घरे पाडली आणि तिथेच पक्की बांधली. पक्की होती त्यांना हात लावला नाही. नव्या घराचा नमुना कुटुंबाने निवडायचा आणि खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा स्वतः उचलायचा. एका नमुन्यात तळमजला मोकळा सोडून वर दोन मजले दिले होते, म्हणजे दुकानाला किंवा पुढच्या खोलीला जागा राहील.